स्टीअरिंग घरच्यांच्या हाती : क्रूगरमधील सेल्फ ड्राइव्ह सफारीवरील आक्षेपांना उत्तर

आफ्रिकेतील वन्यजीव पाहायला निघालेल्या मराठी कुटुंबापुढे एक मत जवळजवळ सिद्धान्त म्हणून ठेवले जाते. अभयारण्यात भाड्याची गाडी स्वतः चालवत फिरणे, ज्याला व्यवहारात ‘सेल्फ ड्राइव्ह’ म्हणतात, हा पैसे वाचवण्याचा कमअस्सल मार्ग आहे. गाइडशिवाय रानात काही दिसत नाही. मुले बरोबर असताना तर असे करणे शुद्ध बेजबाबदारपणा आहे, आणि अननुभवी पर्यटकांच्या गाड्यांमुळे प्राण्यांना होणारा त्रास वेगळाच, असे ते मत आहे. सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून आणि परतून आलेल्यांच्या गप्पांतून ते इतक्या वेळा फिरले आहे की ते तपासून पाहावे असे आता कोणाला वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानापुरते बोलायचे, तर हे मत इतिहासालाही धरून नाही आणि उद्यानाच्या नियमांनाही. त्यात सत्याचा जो अंश आहे तो मान्य करूनही, मुलाबाळांसह क्रूगर पाहण्याची सर्वांत शहाणी रीत स्वतः गाडी चालवण्याचीच आहे, असे येथे ठामपणे म्हणायचे आहे.

‘कमअस्सल’ हा आरोप आधी घेऊ, कारण इतिहास विसरल्याशिवाय तो करताच येत नाही. आजच्या क्रूगरच्या दक्षिण भागात १८९८ साली साबी नावाचे शिकारबंदीचे राखीव क्षेत्र घोषित झाले, १९०२ पासून जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन या अधिकाऱ्याने त्याचा कारभार पाहिला, आणि १९२६ साली दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने कायदा करून साबी व उत्तरेकडील शिंग्वेद्झी ही क्षेत्रे एकत्र आणली, तेव्हा हे राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. त्या काळी या जमिनीवर मेंढपाळांचा, शेतकऱ्यांचा आणि खाणवाल्यांचा डोळा होता, आणि जंगल जंगल म्हणून राखण्याला जनतेचा पाठिंबा आहे हे दाखवल्याशिवाय ते टिकणार नव्हते. हा पाठिंबा आला तो खासगी मोटारींमधून. १९२७ साली पर्यटकांच्या अवघ्या तीन मोटारी आत शिरल्या, पुढच्या वर्षी ही संख्या १८० च्या घरात गेली, आणि १९२९ साली ती ८५० वर पोहोचली. रस्ते, छावण्या, नदी ओलांडण्याची सोय हे सारे या मोटारींसाठी आणि त्यांच्या मागोमाग तयार झाले. पाहुण्यांना उघड्या गाडीत बसवून गाइडकरवी फिरवणारी आलिशान लॉज मुख्यतः उद्यानाच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या साबी सँडसारख्या खासगी राखीव क्षेत्रांत, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावली. तेव्हा मूळ कोणते आणि नंतरचे कोणते याबद्दल शंकेला जागा नाही.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे आणि सेल्फ ड्राइव्हचा पुरस्कार करणाऱ्याने ती झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या नागरिकांच्या मोटारींसाठी रस्ते बांधले गेले ते गोरे नागरिक होते. उद्यानाच्या उत्तर टोकाला पाफुरीच्या परिसरात राहणाऱ्या माकुलेके लोकांना १९६९ साली त्यांच्या गावांतून उठवून बाहेर काढण्यात आले, आणि ती जमीन त्यांना परत मिळायला १९९८ साल उजाडावे लागले. जमीन परत मिळाल्यावरही त्यांनी ती संरक्षित क्षेत्रातच ठेवली, ही गोष्ट त्यांच्याविषयी पुष्कळ सांगून जाते. कृष्णवर्णीय आणि भारतीय वंशाच्या पर्यटकांना मुख्य छावण्यांत जागा नव्हती. कित्येक दशके बालुले या छोट्या छावणीवर त्यांची बोळवण केली जाई. तरीही ही माणसे क्रूगरला येत राहिली, आणि या उद्यानाचा इतिहास त्यांचाही आहे, हे इतिहासकार जेकब द्लामिनी यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘सफारी नेशन’ या ग्रंथात मांडले आहे. आज तेथील नागरिकाला परदेशी पाहुण्यापेक्षा बरेच कमी प्रवेशशुल्क पडते, आणि शनिवारी-रविवारी जवळच्या गावांतील कुटुंबे मागच्या सीटवर मुले कोंबून, डबे बांधून, पहाटे फाटकाशी रांग लावतात. लॉजची दारे त्यांना आजही परवडत नाहीत, कारण मोठ्या लॉजमधील चार माणसांच्या एका रात्रीच्या पैशांत उद्यानाच्या विश्रामछावणीतील आठवडा आरामात निघतो. यामुळे सेल्फ ड्राइव्हला ‘स्वस्तातले’ म्हणून नाक मुरडणारा माणूस, त्याला कळो वा न कळो, त्या देशातील सामान्य माणसाच्या वाट्यावरच नाक मुरडत असतो.

आता ‘गाइडशिवाय काही दिसत नाही’ या मुख्य आक्षेपाकडे वळता येईल. यातील खरा भाग आधी सांगितला पाहिजे. खासगी क्षेत्रातील गाइडबरोबर बहुधा माग काढणारा दुसरा माणूसही असतो, त्याची नजर पिढ्यान्‌पिढ्यांची तयार असते, बिबट्यासारख्या प्राण्यासाठी गाडी रस्ता सोडून झुडपात घालण्याची तेथे मुभा असते, आणि एका गाडीला दिसलेले जनावर बिनतारी यंत्रावरून उरलेल्या गाड्यांना कळते. दोन दिवसांत सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस हे पाचही प्राणी पाहून घरी परतायचे असेल तर या व्यवस्थेला तोड नाही. मात्र ‘बिग फाइव्ह’ नावाने ओळखली जाणारी ही पाचांची यादी पायी शिकार करणाऱ्या गोऱ्या शिकाऱ्यांनी, कोणते जनावर मारायला सर्वांत धोक्याचे या हिशेबाने केलेली आहे, आणि १४७ जातींचे सस्तन प्राणी व ५०० हून अधिक जातींचे पक्षी असलेल्या रानाची पारख त्या हिशेबाने करणे हे पंक्तीला बसून फक्त जिलब्या मोजण्यासारखे आहे.

मार्गदर्शित गाडीत होते काय, हेही नीट पाहायला हवे. जनावर कोठे आहे हा प्रश्न पाहुणा गाडीत बसण्याआधीच बहुधा सुटलेला असतो, आणि पाहुण्याला फक्त उत्तराशी नेऊन उभे केले जाते. फेरी साधारण तीन तासांची, पहाटे एक आणि संध्याकाळी एक. गाडीत आठ-नऊ अनोळखी माणसे, आणि त्यांतील बहुतेकांना सिंह हवा. एखाद्या आठ वर्षांच्या मुलीला हत्तीच्या लिदीचा गोळा मागच्या पायांनी ढकलत नेणारे शेणकिडे अर्धा तास पाहायचे असले, तर त्या गाडीत तिचे मत एकटे पडते. कुटुंबाच्या स्वतःच्या गाडीत तेच मत निर्णायक ठरू शकते. दक्षिण आफ्रिकेतील काही उद्यानांत शेणकिड्यांना वाट द्या असे सांगणाऱ्या पाट्या आहेत. त्या वाचायला जो वेळ लागतो तो देण्याची तयारी या सहलीत असावी लागते, एवढेच.

शिवाय रान वाचणे हे काही गुरुमंत्राने मिळणारे गूढ ज्ञान नव्हे. इम्पाला हे क्रूगरमधील सर्वांत जास्त दिसणारे हरीण. पहिल्या तासाभरानंतर पर्यटक त्याच्याकडे पाहतही नाहीत. पण कळपातील साऱ्या इम्पालांनी चरणे थांबवून एकाच दिशेला तोंडे केली असतील आणि त्यांतला एखादा नाकातून जोराने फुरफुरत असेल, तर त्या दिशेला शिकारी प्राणी आहे असे समजून गाडी थांबवावी. जिराफाची नजर सर्वांत उंचावरून जाते, म्हणून दहा मिनिटे एकाच झुडपाकडे टक लावून उभा असलेला जिराफ हा फुकटचा टेहळ्या ठरतो. गिधाडे नुसती घिरट्या घालत असतील तर त्यातून फारसे काही कळत नाही, पण ती एकामागून एक खाली उतरू लागली तर जवळपास मेलेले जनावर नक्की असते. लाल चोचीचे, मोठ्या जनावरांच्या पाठीवरच्या गोचिडी खाणारे ऑक्सपेकर पक्षी उंच गवतातून अचानक उडाले, तर त्या गवतात रानम्हशी किंवा गेंडा असण्याचा संभव असतो. केनियातील अंबोसेली येथे व्हर्व्हेट माकडांवर संशोधन करून रॉबर्ट सेफर्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी १९८० साली दाखवून दिले की बिबट्या, गरुड आणि साप या तीन शत्रूंसाठी ही माकडे तीन वेगळे इशारे देतात आणि ऐकणारी माकडे त्याप्रमाणे झाडावर चढतात, वर पाहतात किंवा मागच्या पायांवर उभी राहून गवत न्याहाळतात. हेच व्हर्व्हेट क्रूगरमध्येही झाडाझाडांवर आहे. वानराचा खकारा आणि चितळाची हाक ऐकून वाघाचा माग घेणाऱ्या विदर्भातील माणसाला ही लिपी परकी वाटण्याचे कारण नाही, आणि नव्याने शिकणाऱ्या मुलाला ती दोन दिवसांत बरीचशी वाचता येते. ती वाचण्याचे काम गाइडने केले तर जनावर दिसते, पण लिपी शिकायची राहून जाते.

वेळेचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा आहे. लोअर साबी छावणीजवळचे सनसेट डॅम हे पाणवठ्याचे ठिकाण डांबरी रस्त्याला लागूनच आहे. तेथे गाडी कडेला लावून इंजिन बंद केले की पाण्यात पाणघोड्यांचे कान, काठावर पसरलेल्या मगरी, वाळलेल्या झाडावर बसलेले करकोचे आणि बिचकत बिचकत पाण्याकडे येणारे इम्पाला एका चौकटीत येतात. पहिल्या पाच मिनिटांत हे चित्र स्थिर वाटते. तासाभराने कळते की इम्पालांच्या कळपाने तीनदा पाण्याजवळ येऊन माघार घेतली आहे, आणि त्या माघारीचे कारण असलेली मगर मघाच्या जागेवरून नाहीशी झालेली आहे. तीन तासांच्या फेरीत चार ठिकाणे गाठायची असलेली गाडी तेथे तासभर थांबत नाही.

दुसरे उदाहरण त्याहून जवळचे आहे. ठिपकेदार तरसांची मादी पुष्कळदा रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी घातलेल्या सिमेंटच्या नळांत पिल्ले ठेवते. पहाटे अशा मोरीजवळ गाडी थांबली, की थोड्या वेळाने काळपट, कान गोल, पोट सुटलेले एखादे पिल्लू बाहेर येते, टायर हुंगते, गाडीच्या सावलीत बसते आणि आईने हाक दिली की परत नळात शिरते. ही मोरी डांबरी रस्त्याखाली असते. ती पाहायला रस्ता सोडावा लागत नाही, तज्ज्ञही लागत नाही. लागतो तो इतकाच संयम की दार उघडायचे नाही आणि पिल्लाला खायला काही टाकायचे नाही.

सिंह किंवा बिबट्या दिसेलच अशी हमी सेल्फ ड्राइव्हमध्ये कोणी देऊ शकत नाही, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. क्रूगरचे क्षेत्रफळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा त्यात मावून वर जागा उरेल. दक्षिणोत्तर लांबी साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक. एवढ्या विस्तारात रस्त्यावरून दिसणारी पट्टी अगदी चिंचोळी असते आणि एका दिवसात कुटुंबाने शंभर-सव्वाशे किलोमीटरांहून जास्त अंतर कापू नये. एखाद्या दिवशी झेब्रे, कुडू आणि धुळीत लोळणारी हत्तींची पोरे यांवरच समाधान मानावे लागते. हा दोष समजणाऱ्याला प्राणिसंग्रहालय अधिक सोयीचे पडेल.

‘खरे जंगल’ खासगी क्षेत्रात आहे आणि डांबरी रस्त्यांचे क्रूगर म्हणजे मोठी बागच, असेही काही जण सुचवतात. साबी सँड आणि क्रूगर यांमधील कुंपण १९९३ साली काढून टाकण्यात आले. तेव्हापासून प्राणी दोन्हीकडे तेच आहेत. आणि माणसाच्या व्यवस्थापनाचा स्पर्श दोन्ही बाजूंना सारखाच झालेला आहे. उत्तर क्रूगरमध्ये दुष्काळी भागात विंधनविहिरी खोदून पाणवठे केले, तेव्हा तेथे झेब्रे आले, झेब्र्यांमागे सिंह आले, आणि या साखळीत रोन नावाचे दुर्मीळ हरीण झपाट्याने घटले. पुढे असे अनेक पाणवठे बंद करावे लागले. अस्पर्शित रान विकत मिळते हा समज माहितीपत्रकांपुरताच खरा आहे.

सुरक्षिततेचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर चालणार नाही. येथे मूळ गोष्ट अशी की प्राणी गाडीला सरावलेले असतात. प्राणिशास्त्रात याला सवयीकरण म्हणतात: जे वारंवार समोर येते पण इजाही करत नाही आणि खायलाही देत नाही, त्याकडे जनावर दुर्लक्ष करू लागते. बंद गाडी हा सिंहाच्या दृष्टीने एक मोठा, निरुपयोगी ठोकळा असतो. माणूस खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला किंवा दार उघडून उतरला, की तो ठोकळा फुटतो आणि त्यातून माणसाचा आकार वेगळा दिसतो. २०१५ साली जोहान्सबर्गजवळच्या एका सिंहउद्यानात सिंहिणीने पर्यटक महिलेचा बळी घेतला, तेव्हा गाडीची काच उघडी होती. २०२४ च्या जुलैमध्ये पिलानेसबर्ग उद्यानात हत्तींनी एका स्पॅनिश पर्यटकाला ठार केले, तेव्हा तो छायाचित्रासाठी गाडीतून उतरलेला होता. या दोन्ही घटना सेल्फ ड्राइव्हविरुद्ध पुरावा म्हणून सांगितल्या जातात. वास्तविक त्या नियम मोडण्याविरुद्धचा पुरावा आहेत. त्याच २०२४ साली झांबियात मार्च आणि जून महिन्यांत हत्तींनी पर्यटक गटांवर हल्ला करून दोन अमेरिकी महिलांचे प्राण घेतले, आणि त्या दोघीही मार्गदर्शित सहलीवर होत्या. यावरून गाइड धोकादायक असतात असा निष्कर्ष काढणे जितके हास्यास्पद, तितकाच गाइड असला की धोका संपतो हा समजही.

हत्तीचा धोका मात्र खरा आहे आणि तो काच बंद करून टळत नाही. २०१३ च्या अखेरीस क्रूगरमध्येच मदात आलेल्या एका नराने पर्यटकांची गाडी उलथून टाकली होती. मद म्हणजे प्रौढ नर हत्तीत ठरावीक काळ येणारी अवस्था. तिच्यात शरीरातील नरसंप्रेरक कित्येक पटींनी वाढते आणि एरवी शांत असणारा प्राणी कशालाही भिडतो. ही अवस्था गाडीतूनही ओळखता येते. डोळा आणि कान यांच्यामधील ग्रंथीतून पाझरलेल्या द्रवाचा काळा, ओला ओघळ गालावरून खाली आलेला असतो, मागचे पाय आतल्या बाजूने मूत्राने सतत भिजलेले असतात, डोके नेहमीपेक्षा वर धरलेले असते, आणि चाल एकट्याची, सरळ, न थांबणारी असते. असा हत्ती रस्त्यावरून समोर येत असेल तर हॉर्न वाजवायचा नाही, बाजूने निसटायचा प्रयत्न करायचा नाही, इंजिन बंद करायचे नाही. शंभर मीटरांवरूनच गाडी मागे घ्यायला लागायचे आणि तो रस्ता सोडेपर्यंत घेत राहायचे. मागे दुसरी गाडी चिकटून उभी राहू नये म्हणून आधीच अंतर ठेवायचे. या साऱ्यात असे काहीच नाही जे वरंधा घाटात समोरून एसटी आली म्हणून गाडी मागे घेणाऱ्या चालकाला जमू नये. पिल्लू असलेल्या कळपालाही हाच नियम लागू आहे: पिल्लू आणि आई यांच्यामध्ये गाडी येता कामा नये.

उद्यानाचे उरलेले नियम यापुढे सोपे आहेत. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि खडीच्या रस्त्यावर ४० किलोमीटर ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात पंचवीस-तीसच्या वेगाने चालणाऱ्यालाच काही दिसते. रस्ता सोडून गाडी घालण्यास पूर्ण मनाई, ठरवलेल्या जागांव्यतिरिक्त कोठेही उतरण्यास मनाई, आणि महिन्यागणिक बदलणाऱ्या वेळेला फाटक बंद होण्याआधी छावणीत परतण्याची सक्ती. दक्षिण आफ्रिकेत वाहने भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भारतीय चालकाला हात उलटा करावा लागत नाही. खरा धोका उद्यानाच्या बाहेर आहे, आणि आक्षेप घेणारे नेमके त्याविषयी गप्प असतात. जोहान्सबर्गहून क्रूगरपर्यंतचे सुमारे ४०० किलोमीटरांचे अंतर दिवसाउजेडीच पार केले पाहिजे. २०२२ साली नुम्बी फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लुटारूंनी एका जर्मन पर्यटकाला गोळी घालून ठार केले होते. हा धोका लॉजकडे मोटारीने जाणाऱ्यालाही तेवढाच आहे. ज्यांना तो नको त्यांनी म्बोम्बेला किंवा स्कुकुझापर्यंत विमानाने जाऊन तेथे गाडी भाड्याने घ्यावी.

मुलांच्या नावाने केला जाणारा आक्षेप तर नियमांच्या एका ओळीने निकालात निघतो. उद्यानाच्या स्वतःच्या उघड्या गाडीतील मार्गदर्शित फेऱ्यांमध्ये ६ वर्षांखालील मुलांना घेतले जात नाही, गाइडबरोबरच्या पायी फेऱ्यांना १२ वर्षांखालील मुले चालत नाहीत, आणि बऱ्याच खासगी लॉजचेही वयाचे असेच बंधन आहे. कारण उघड आहे: चारही बाजूंनी मोकळ्या गाडीत अचानक किंचाळणारे किंवा उठून उभे राहणारे मूल हा सर्वांना धोका असतो. बंद गाडीत तेच मूल काचेआड असते. म्हणजे लहान मूल असलेल्या कुटुंबाला ‘जबाबदारीने वागा, गाइड घ्या’ असा सल्ला देणारे त्याला अशा दाराकडे पाठवत आहेत जे त्याच्यासाठी बंद आहे. सेल्फ ड्राइव्हमध्ये मुलांचा खरा प्रश्न सिंह-बिबट्यांचा नसून लघवीचा असतो, आणि त्याचे उत्तर रस्ता आखतानाच द्यायचे असते. स्कुकुझा ते लोअर साबी हा साबी नदीकाठचा रस्ता कुटुंबांना सोयीचा ठरतो तो वाटेत न्कुह्लू हे उतरायला परवानगी असलेले सहलस्थळ आहे म्हणून. अशा काही ठिकाणी गॅसवर चालणारे मोठे खोलगट तवे भाड्याने मिळतात. स्थानिक लोक त्यांवर अंडी आणि सॉसेज भाजतात, पण पोहे त्यांवर उत्तम होतात, फक्त व्हर्व्हेट माकडांपासून ताट सांभाळावे लागते. मलेरियाविषयी मात्र कोणतीही सवलत नाही: क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात आहे, धोका पावसाळी महिन्यांत वाढतो, आणि लहान मुलांना कोणते औषध द्यावे हे डॉक्टरांना विचारूनच निघावे. हे लॉजमध्ये उतरणाऱ्यालाही चुकत नाही.

प्राण्यांना होणारा त्रास हा शेवटचा आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. सिंह रस्त्याकडेला दिसला की क्रूगरमध्ये गाड्यांची कोंडी होते. मोबाइलवर जनावरांचे ठिकाण कळवणाऱ्या ॲपमुळे पर्यटक वेगमर्यादा मोडून धावतात, आणि उद्यान प्रशासनाने २०१६ सालीच या ॲपविरुद्ध आवाज उठवला होता. गेंड्याचे ठिकाण जाहीर करणारा माणूस तर शिंगचोरांचे काम हलके करतो. पण यावर गाइड हे उत्तर असते तर ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात जे घडले ते घडले नसते. तेथे एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली, आणि त्या गाड्यांत परवानाधारक गाइड बसलेले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. २०२५ च्या जुलैत सेरेंगेटीमध्ये नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टच्या कळपांसमोर पर्यटक गाड्यांतून उतरून उभे राहिले, तेव्हाही ते मार्गदर्शित सहलींवरच आलेले होते. ज्याची बक्षिसी पाहुण्याच्या समाधानावर ठरते त्याने पाहुण्याला ‘पुरे, मागे फिरू’ म्हणावे अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे; असे म्हणणारे गाइड आहेत, आणि त्यांचे मोल जास्त आहे, पण व्यवस्था त्यांच्या बाजूची नाही.

आणखी एका संशोधनाचा येथे संबंध आहे. ग्रेटर क्रूगर परिसरातील पाणवठ्यांवर लिआना झॅनेट आणि सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. हत्ती आणि गेंड्यांसह बहुतेक जातींचे प्राणी सिंहाच्या आवाजापेक्षा माणसाच्या साध्या बोलण्याला अधिक घाबरून पळाले. काच वर करून, इंजिन बंद करून, गप्प बसलेले कुटुंब या निष्कर्षाच्या उजेडात सर्वांत निरुपद्रवी पाहुणे ठरते, आणि दहा माणसांना उघड्यावर मोठ्याने माहिती सांगणारी गाडी तितकी निरुपद्रवी ठरत नाही. रस्ता सोडून झुडपे चिरडण्याची मुभाही तिलाच आहे, ही गोष्ट त्रासाच्या हिशेबात सहसा धरली जात नाही.

ताडोबात उघडी जिप्सी आणि सोबत गाइड हा नियम योग्य असेल. तेथील वाटा अरुंद आहेत, रान दाट आहे आणि जागा क्रूगरच्या मानाने फारच थोडी आहे. तोच नियम आफ्रिकेवर लादण्याची सवय तेवढी सोडली पाहिजे. क्रूगरच्या विश्रामछावण्यांचे आरक्षण अकरा महिने आधी खुले होते. ते वेळेवर करावे, बसण्याची जागा उंच असलेली गाडी घ्यावी, दिवसाला एकच रस्ता ठरवावा, आणि पहिल्या संध्याकाळी वाटल्यास उद्यानाची मार्गदर्शित फेरीही घ्यावी, कारण रात्री खासगी गाडीला बाहेर पडता येत नाही आणि रात्रीचे रान पाहण्याचा तोच मार्ग आहे. ज्या कुटुंबात हत्ती जवळ आल्यावर काच वर करायला, सिंहासमोर आवाज बंद ठेवायला आणि फाटकाच्या वेळेआधी परतायला घड्याळाकडे पाहणारा एकही माणूस नसेल, त्याने मात्र सर्व दिवस गाइडचीच गाडी घ्यावी.